ठक् की खडखड?

न्हावरा फाटा ओलांडला आणि गाडीच्या मागून कुणीतरी दार वाजवावं तसा आवाज आला. आरशात पाहिलं. मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या दोन ट्रॉल्या, बाकी कुणी नाही.

लायसन्स मिळून चार महिने झालेले, गाडी आठ वर्षांची, सेकंडहँड. दौंडला बदली झाल्यापासून सोमवारी शिरूरहून निघायचं आणि शनिवारी परतायचं. न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस, दौंड. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की हाच रस्ता ड्रायव्हिंग स्कूल होतो, फक्त शिकवणारा शेजारी बसलेला नसतो.

पारगावला भीमेच्या पुलाअलीकडे थांबून डिकी उघडली. स्टेपनी हलवून पाहिली, जॅक गोणपाटात गुंडाळला, जेवणाचा डबा पुढच्या सीटवर आणला. फरक शून्य. त्यात गंमत अशी की मोठा स्पीडब्रेकर आला की मी श्वास रोखून बसायची आणि गाडी मुकाट्याने पलीकडे जायची. जरा सपाट रस्ता लागला, डांबराचं एखादं ठिगळ आलं की ठक्! भूत असतं तर त्यालाही काही वेळकाळ असता.

दौंडमध्ये एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच ‘बेअरिंग गेलंय’ म्हणून सांगितलं. मी जाणत्यासारखी मान हलवली. बेअरिंग असतं कुठे, हेच मला ठाऊक नव्हतं. नशीब, त्याच्याकडे त्या दिवशी माल नव्हता.

शनिवारी शिरूरला शेजारच्या काकांनी त्यांच्या मिस्त्रींकडे धाडलं. या मिस्त्रींना सगळे मामाच म्हणतात.

“आवाज कसा येतो, ताई?”

“मागून येतो.”

“तसं नव्हं. खडखड, कुईकुई, का ठक्?”

मी गोंधळले. तीन आठवडे जो आवाज ऐकत होते तो मला काढून दाखवता येईना. मामांनीच तोंडाने एकेक वाजवून दाखवला. सायलेन्सरवरचा पत्रा सुटला तर खडखड. रबर कोरडं पडलं तर कुईकुई. बेअरिंग असेल तर घूंऽऽ, आणि तो वेगाबरोबर चढत जातो. “हाच,” मी ठक् ला ओरडले. कुंकवाचा करंडा सापडावा तसा आनंद झाला.

मग मामांनी मागची सीट पाडली, डिकीत चक्क आडवे झाले आणि म्हणाले, “चालवा. वीसच्या पुढं नको.” डिकीत माणूस घालून मी गल्लीतून गाडी नेत होते, लोक बघत होते. मामांचा तळहात डाव्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर. दुसऱ्याच खड्ड्याला आतून आवाज आला, “सापडला. हाताला लागतोय.”

चाक काढलं. शॉकअपच्या खालच्या टोकाला लोखंडी कडं, कड्यात रबराचा बुश, बुशातून बोल्ट. मामांनी टॉमी घालून उचकलं तर बोल्ट कड्यात लुळा हलला. रबर एका बाजूने झिजून विड्याच्या पानाएवढं पातळ झालेलं. स्पीडब्रेकरवर गाडी सावकाश चढते, तेव्हा बोल्ट कड्याच्या एकाच बाजूला दाबून राहतो, म्हणून आवाज नाही. बारीक खड्ड्यात चाक फटकन खालीवर होतं आणि बोल्ट मोकळ्या जागेत इकडून तिकडे आपटतो. मला हे समजलं, यावर माझाच विश्वास बसेना.

उजवा बुश अजून बरा दिसत होता, पण मामांनी दोन्ही बदलले. “डावा गेला की उजव्याची पाळी येतीच.” बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच आवळले. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं म्हणे.

सोमवारी पारगावच्या अलीकडे तो ओळखीचा खड्डा आला. एरवी मी त्याला वळसा घालायची. आज डावं चाक मुद्दाम त्यात घातलं. नुसतं धप्.