हिरवा ठिपका आणि आप्पांचं घड्याळ

सकाळचे नऊ सत्तावन्न. दहाचा कॉल. मी अजून अंथरुणात. हात लांब करून लॅपटॉप पोटावर ओढायचा, कॅमेरा बंद, माइक बंद. दहा-बारा मिनिटांनी आपलं नाव आलं की घसा खाकरून ‘गुड मॉर्निंग, कालचं सगळं डन, आज तेच कंटिन्यू करतेय’ एवढं एक वाक्य टाकायचं. झाली हजेरी! मग चहा. चहानंतर पोहे. पोह्यांनंतर कधीतरी काम.

तुमच्यातले निम्मे आता गालातल्या गालात हसत असतील, ठाऊक आहे मला. उरलेले निम्मे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून हे वाचत असतील आणि मनातल्या मनात मला शिव्या घालत असतील. दोघांचंही बरोबर आहे.

मार्च 2020 मध्ये जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी मी वाकडची रूम सोडून एक सॅक घेऊन कराडला घरी आले. ऑफिसनं सांगितलं होतं, दोनेक आठवडे घरून करा. त्या दोन आठवड्यांना आता पाच वर्षं होऊन गेली! 2022 मध्ये इतर टीम्सना परत बोलावलं, आमचा प्रोजेक्ट मात्र घरूनच चालू राहिला. क्लायंट अमेरिकेतली आरोग्य विमा कंपनी. माझं काम रोज तीन रिपोर्ट काढून पाठवायचं. बस्स.

पहिलं वर्ष एकदम सही गेलं. प्रवासाचे रोजचे तीन तास वाचले, आईच्या हातचं गरम जेवण, रूमचं भाडं शून्य. काम तर इतकं जोरात की मॅनेजरनं दोनदा कौतुकाची मेल टाकली. ऑफिसला जाणाऱ्या मैत्रिणींच्या तोंडावर मी तेव्हा एक आकडा फेकायचे – 13 टक्के! स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये सी-ट्रिप या चिनी ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरवर एक प्रयोग सुरू केला होता. ज्यांना घरून काम करायची इच्छा होती, त्यांच्यातल्या सम तारखेला जन्मलेल्यांना घरी बसवलं आणि विषम तारखेवाल्यांना ऑफिसात. नऊ महिन्यांनी पाहिलं तर घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वर! आकडा खरा आहे. पण मी पुढचं सांगायचे नाही. प्रयोग संपल्यावर ‘आता तुम्हीच ठरवा’ म्हटल्यावर घरी बसलेल्यांपैकी बरेच जण आपणहून ऑफिसात परतले. मोठं कारण काय, तर घरी एकटं वाटतं.

मला एकटं वाटत नव्हतं हो. घरात आई, आप्पा, खाली भाडेकरू, त्यांची दोन पोरं, शेजारच्या काकूंचा टीव्ही. तरीही दुसऱ्या वर्षापासून काहीतरी सुटत गेलं. आळस म्हणावा तर मी दिवसभर लॅपटॉपसमोरच असायचे. पण एक रिपोर्ट काढायला दोन तासांच्या जागी पाच तास. चुकलं तरी काही वाटायचं नाही, बरोबर आलं तरी नाही. संध्याकाळी लॅपटॉप मिटताना आज मी नक्की काय केलं, हे आठवायला थांबावं लागायचं.

उपाय केले ना! सगळे केले. सुताराकडून माडीवरच्या खोलीत टेबल करून घेतलं. ‘ऑफिसला जाताना घालता तसे कपडे घाला’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून इस्त्रीचा कुर्ता घालून बसले, तर आई दारातून, ‘कुठं निघालीस गं?’ मग तो टोमॅटोवाला फंडा. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं 1980 च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून अभ्यास केला, त्याचं हे तंत्र झालं. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. माझ्याकडे आठवड्याभरात 5 मिनिटं काम आणि 25 मिनिटं विश्रांती झाली, टोमॅटोचा काही दोष नाही. पहाटेचे मोटिव्हेशनल व्हिडिओ, डायरी, टू-डू लिस्ट... सरासरी नऊ दिवस टिकलं प्रत्येक.

आणि मग तो हिरवा ठिपका.

चॅटवर आपल्या नावापुढे असतो तो. पाच मिनिटं माउस हलला नाही की पिवळा पडतो. 2023 च्या पावसाळ्यात मला शोध लागला की हातातलं काट्याचं घड्याळ टेबलावर उताणं ठेवून त्याच्या काचेवर माउस ठेवला, की खालून फिरणारा सेकंदकाटा माउसला हालचाल वाटतो. ठिपका हिरवाच. आपण जेवा, झोपा, मालिका बघा!

काट्याचं घड्याळ माझ्याकडे कुठलं असायला? घरात एकच. आप्पांचं. एचएमटीचं ‘जनता’, 1984 मध्ये एसटीत कंडक्टर म्हणून लागले तेव्हाच्या पहिल्या पगारातलं. बॅटरी नाही, रोज चावी द्यायची. 2017 मध्ये निवृत्त झाले तरी सकाळी सहाला उठून चावी देणं काही सुटलं नाही. मी त्यांना म्हटलं, ‘आप्पा, मोबाइलवर वेळ बघायला गेलं की लक्ष जातं माझं. टेबलावर ठेवायला दिवसापुरतं घड्याळ द्याल?’

इतके खूश झाले ते! पोरीला आपलं घड्याळ लागतंय म्हणून रोज पावणेदहाला जिना चढून वर यायचे, रुमालानं काच पुसायचे आणि टेबलावर ठेवून जायचे. ‘कर काम, कर.’ त्यांची पाठ वळली की मी त्यावर माउस ठेवायचे. तीन आठवडे. हे लिहायला आजही बरं वाटत नाही.

एका सोमवारी ते आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला गेले. जाताना बजावून गेले, ‘उद्या सकाळी चावी दे हं आठवणीनं.’ मंगळवारी माझी सकाळ झालीच दहाला, चावी कोण देतंय! दुपारी जेवून, माउस घड्याळावर ठेवून मी जी आडवी झाले ती सव्वापाचला उठले. घड्याळ थांबलं होतं – दोन पन्नास. ठिपका पिवळा. चौदा मेसेज. क्लायंटकडून येणारी फाइल तीन वाजता अर्धवटच आली होती, मला शोधून शोधून शेवटी टीममधल्या एकानं ती निस्तरली होती. माझा रोज साडेसहापर्यंत जाणारा रिपोर्ट त्या दिवशी आठला गेला. आणि मॅनेजरनं काय विचारावं? ‘तब्येत बरी आहे ना?’ एवढंच. मी लिहिलं, ‘सॉरी, पावसानं लाइट गेली होती.’ त्यांनी लिहिलं, ‘नो प्रॉब्लेम, टेक केअर.’ ओरडले असते तर परवडलं असतं.

रात्री आप्पा आले. पिशवी ठेवली आणि आधी घड्याळ मागितलं. मी मनातल्या मनात दुसरी थाप तयार ठेवली होती. पण त्यांनी ते बंद घड्याळ कानाला लावलं, हलवलं, पुन्हा कानाला लावलं... आणि मी सगळं सांगून टाकलं. ठिपका, माउस, झोप, लाइट. सगळं.

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते चावी देत बसले. मग म्हणाले, ‘तुझ्या गाडीत बसतं कोण गं?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तू रोज ते रिपोर्ट का काय पाठवतीस, ते जातं कुणाकडं? बसतं कोण त्यात?’

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. मेलच्या वर एक ग्रुप आयडी असतो. त्यामागे कोण आहे, हे मला माहीतच नव्हतं. तीन वर्षांहून जास्त!

आप्पांनी मग मुक्कामी गाडीचं सांगितलं. माझ्या लहानपणी ते कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावाला मुक्कामी गाडी घेऊन जायचे. रात्री शेवटची फेरी तिथं जाऊन थांबायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर गाडीतच किंवा देवळात झोपायचे, उशाला तिकिटांचा ट्रे आणि पैशाची बॅग. पहाटे साडेपाचला गाडी परत सुटायची. डेपो कुठल्या कुठं, साहेब नाही, फोन नाही, उठवणारं कुणी नाही. धो धो पावसात साडेपाचची गाडी सहाला सोडली असती तर वेबिलावर काय, वेळ आपणच लिहायची. (म्हणजे बघा, रिमोट वर्किंग आमच्या घरात 2020 च्या कितीतरी आधी आलेलं!)

‘मग उठायचात कसे?’

‘आरं, दुधाचे कॅन आदळायचे ना खाली पाचला. शाळेची पोरं, एक म्हातारी दर मंगळवारी दवाखान्याला. मला तोंडं पाठ होती सगळ्यांची. एखादा दिसला नाही तर डबल बेल द्यायला हात उठायचा न्हाई.’

एवढं बोलून ते जेवायला गेले.

मला त्या रात्री झोप लागली नाही. दुपारभर झोपल्यावर लागणार तरी कशी, हा भाग वेगळा. नंतर काही दिवसांनी मी शोधून वाचलं तर आप्पांच्या प्रश्नावर चक्क संशोधन झालेलं निघालं. अॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या मुलांना, त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी फक्त पाच मिनिटं भेटवला. महिन्याभरानंतर पाहिलं तर ही मुलं आधीच्या दुपटीहून जास्त वेळ फोनवर होती आणि जमलेली रक्कम तर त्याहून वाढलेली. पगार तोच, खुर्ची तीच. सी-ट्रिपच्या 13 टक्क्यांपेक्षा मला हे जास्त पटलं, पण हा आकडा मैत्रिणींच्या तोंडावर फेकायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही ग्रुपना एक साधी मेल टाकली. ‘हा रिपोर्ट आपण कशासाठी वापरता? काही बदल हवेत का?’ पाठवायचं बटण दाबताना हात थरथरला, कारण एक भलतंच उत्तर येऊ शकतं हे मला कळत होतं. ते आलंच.

पहिल्या रिपोर्टच्या ग्रुपमध्ये तीन जण. दोघं कंपनी सोडून गेलेले. तिसऱ्यानं प्रामाणिकपणे लिहिलं की हा मेल आपोआप एका फोल्डरमध्ये जातो आणि तो फोल्डर त्यानं वर्षभरात उघडलेला नाही. दुसऱ्या रिपोर्टवाल्यांना तो महिन्यातून एकदा पुरत होता, मी पाठवतेय रोज! वाट लागली बॉस. म्हणजे माझ्या दिवसाचा दोन तृतीयांश भाग कुणीच बसत नसलेल्या गाड्या पळवण्यात जात होता. गंमत म्हणजे वाईट वाटण्याआधी मला हायसं वाटलं. मी बिघडले नव्हते एकटी. रिकाम्या गाडीला किती दिवस बेल देणार माणूस?

तिसरं उत्तर रात्री उशिरा आलं. ओमाहाहून, एका बाईंचं. रखडलेल्या क्लेम्सची माझी यादी त्या सकाळी आठला, म्हणजे आपल्या साडेसहाला, सगळ्यात आधी उघडतात. एखादा कागद कमी म्हणून अडकलेल्या केसेस त्या वरून खाली घेतात आणि हॉस्पिटलांना फोन लावतात. दहाच्या आत कागद आला तर त्याच दिवशी काम होतं. नाहीतर पेशंटच्या घरी थकबाकीचं पत्र जातं. शेवटी लिहिलं होतं, ‘मंगळवारी यादी उशिरा आली, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?’

मी त्या मंगळवारची यादी उघडली. 41 नावं होती. आयुष्यात पहिल्यांदा नावं वाचली मी, तोवर त्या ओळी होत्या.

आता प्रश्न मॅनेजरला सांगायचा. ‘सर, माझे तीनपैकी दोन रिपोर्ट कुणाला नकोत’ हे कुठल्या तोंडानं सांगणार? उद्या म्हणतील, मग तूही नकोस! घराचं कर्ज नाही माझ्यावर, पण आईच्या औषधांचा खर्च माझ्या पगारातून होतो. चार दिवस घोळवलं. पाचव्या दिवशी कॅमेरा चालू करून सांगितलं. ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, ‘ही मेल तू मागच्या वर्षी का नाही टाकलीस?’ पहिला रिपोर्ट बंद झाला, दुसरा महिन्यावर गेला आणि ओमाहाची यादी आणखी नेमकी कशी करता येईल हे काम माझ्या गळ्यात पडलं. आता तिच्यात सगळ्यात जास्त दिवस रखडलेली केस वर येते. घड्याळाचं आणि लाइटचं मात्र त्यांना आजवर सांगितलेलं नाही. हे वाचलंच तर, सर, सॉरी.

दरम्यान 2024 मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्यावरून डझनभराहून जास्त लोकांना काढल्याची बातमी आली. वाचून पोटात गोळा आला माझ्या. पण एक विचारावंसं वाटलंच. त्या लोकांच्या गाडीत कोण बसतं, हे कुणी त्यांना सांगितलं होतं का?

सगळं गोड झालं असं समजू नका. दहाच्या कॉलला मी अजूनही नऊ सत्तावन्नलाच जागी होते. दुपारी पेंग येतेच. डायरी पुन्हा एकदा आणली, पुन्हा नऊ दिवस. पण पाच वाजले की काहीतरी आत सरकतं आणि सव्वासहाच्या आत यादी गेलेली असते. कराडला लाइट गेली तर मोबाइलच्या नेटवरून. एकदा तर खरंच गेली होती, तीन तास!

आप्पांनी घड्याळ परत नेलं. संध्याकाळी जिन्याखालून ओरडतात, ‘गेली का गाडी?’

मागच्या महिन्यात ओमाहाच्या बाईंची मेल आली. गुरुवारी सुट्टीवर आहे, यादी शुक्रवारी दिली तरी चालेल. गुरुवारी मी जेवले, माउस होता तिथंच ठेवला आणि तीन तास मस्त झोपले. ठिपका पिवळाधमक होता.