तेरा मायक्रॉन

शाफ्ट 25 मिलिमीटरचा, टॉलरन्स एच 6. वर शून्य, खाली 13 मायक्रॉन. त्यात बसला तर जॉब, नाही तर भंगार.

मे महिन्यात तर हे 13 सुद्धा पुरत नाहीत. स्टील दर डिग्रीला मीटरमागे साडेअकराच्या आसपास मायक्रॉन वाढतं. जॉब 20 डिग्रीनं तापलेला असेल, तर 25 च्या व्यासात सहाएक मायक्रॉनची सूज. गरम असताना ओके दाखवतो, निवला की अंडरसाइज. म्हणून मास्टर पीसही कुलंटपाशीच ठेवायचा. तापू दे दोघांना बरोबरच.

चाकण-भोसरीत मंचर, घोडेगाव, ओतूरची पोरं चिकार. पण आयटीआयला विचारा, सगळ्यांना फिटर नाही तर इलेक्ट्रिशियन व्हायचंय. मशिनिस्ट (ग्राइंडर) या ट्रेडकडे नंबर लागला तर लागला म्हणून बघतात. कपड्यांना कुलंटचा वास येतो, हे खरंच.

सेकंड शिफ्टची बस हायवेला सोडते. पुढे उसातून गाडीवर. बिबट्याचं भ्या नवीन लग्न झालेल्यांना जास्त.

नवीन पोराला हमखास उलटं वाटणारी गोष्ट: कडक मटेरियलला मऊ व्हील लावायचं. कडक जॉबवर कण लवकर बोथटतात. व्हील मऊ असलं, तर बोथट कण गळून पडतात आणि आतले धारदार वर येतात. कडक व्हील त्यांना धरून बसतं, मग नुसतं घासणं आणि तापणं. व्हीलवरच्या ‘ए 60 के 5 व्ही’ मधला ‘के’ तो हाच कडकपणा. कणाचा नव्हे, कण धरून ठेवणाऱ्या बाँडचा. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा ग्राइंडर तयार.

व्हिट्रिफाइड व्हील चढवण्याआधी लटकवून लाकडी मुठीनं हलकं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, भद्द वाजलं तर तडा. सेकंदाला तीसेक मीटरनं फिरणारी चीज आहे, घाई करू नये.

नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, आणि त्यांचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा! बोट जाईल एवढी भोकं. पण ज्या लहरी पकडायच्या, त्यातली सर्वांत आखूडसुद्धा 21 सेंटिमीटरच्या घरातली. तिला ती भोकं दिसतच नाहीत. जाळीनं वजन घटलं, वारा आरपार गेला, खर्च वाचला. गोविंद स्वरूप यांचं डोकं. आमच्याकडे ड्रॉइंग काढणाऱ्यांना एकदा तिथं न्यायला हवं. जिथं शंभर मायक्रॉन चालतील, तिथंही दहा लिहून मोकळे होतात.

सायकल टाइम कमी करा म्हटलं की पहिली कात्री स्पार्क-आउटवर. फीड थांबवून ठिणग्या विझेपर्यंत व्हील चालू द्यायचं, ते चार-पाच सेकंद साहेबांना रिकामे वाटतात. ते कापले की जॉब ओव्हल, फिनिश खरबरीत.

सगळ्यात वाईट ग्राइंडिंग बर्न. माप बरोबर, फिनिश आरशासारखं, पण वरचा हार्ड थर तापून मऊ पडलेला. डोळ्याला दिसेलच असं नाही. नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलातल्या नायट्रिक ॲसिडमध्ये, बुडवला की काळपट पट्टे उमटतात. एकावर पट्टा दिसला की अख्खा लॉट परत तपासायचा, मग उद्या गुरुवारची सुट्टी का असेना.