तडजोडीचा आकडा

विमा कंपनीच्या वकिलांनी पहिल्यांदा सांगितलेला आकडा ४ लाखांचा होता. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात लोकअदालत भरली होती आणि पॅनेलपुढे आमच्या फायलीचा पुकारा झाला होता. धाकटा भाऊ कुबडी भिंतीला टेकवून बाकावर बसला होता. आकडा ऐकून तो मला म्हणाला, “ताई, घेऊन टाकू. या तारखांतून सुटू तरी.”

त्याचं म्हणणं मला कळत होतं. तो घरोघरी लाइट फिटिंग करणारा वायरमन. सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने आलेल्या पिकअपने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. उजव्या पायाचं हाड गुडघ्यालगत मोडलं, प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले. ऑपरेशनसाठी भावजयीचे दागिने तारण ठेवले होते, त्याचं व्याज चढत होतं. शिडी चढता येत नाही म्हटल्यावर वायरमनला काम कोण देणार? अशा माणसाला ‘थांब’ म्हणणं फार जड जातं. तरी मी म्हटलं.

कारण पायाचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं. मोड सांध्यापर्यंत गेली आहे, हाड पूर्ण जुळल्यावर गुडघा किती वाकतो ते पाहू, असं डॉक्टर म्हणत होते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात नव्हतं. आणि लोकअदालतीतला निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार त्यावर अपील नाही. तडजोडीच्या लेखी निवेदनावर, म्हणजे पुरसिसवर, एकदा सही झाली, की पुढे गुडघा बदलायची वेळ आली तरी तो खर्च आपला. झालेली बिलं आणि बुडालेली मजुरी धरून ४ लाख कसेबसे जुळत होते. पुढच्या आयुष्याचं त्यात काही नव्हतं. आम्ही नाही म्हणून उठलो. परतीच्या एसटीत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, म्हणून वकीलसाहेबांना म्हटलं, मला हे गणित कागदावर मांडून दाखवा. त्यांनी दाखवलं. अपघाताच्या वेळी भावाचं वय ३४. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालात वयागणिक गुणक ठरवून दिले आहेत; ३१ ते ३५ वयाला १६. महिन्याची कमाई १५,००० धरली, तर वर्षाची १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के जास्त धरतात, म्हणजे २ लाख ५२ हजार. गुणिले १६ केले की ४० लाख ३२ हजार. आता यातली कमवायची ताकद किती टक्के गेली, एवढाच प्रश्न उरतो. सगळं भांडण त्या टक्क्यावर.

काही महिन्यांनी शासकीय रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळालं. त्यात पायाचं ३० टक्के कायम अपंगत्व लिहिलं होतं. कंपनीचे वकील म्हणाले, हे एका पायाचं आहे, सबंध शरीराचं १५ टक्केच धरा. म्हणजे ६ लाखांच्या आसपास. आमच्या वकिलांनी राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल पुढे ठेवला. डावा हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो, पण तोच हात सुताराचा गेला तर त्याची जवळजवळ सगळी कमाई जाते, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. वायरमनचा गुडघा वाकत नसेल तर त्याचं काम किती उरतं, हे विचारायला हवं. आमचं म्हणणं ४० टक्क्यांचं होतं, म्हणजे १६ लाखांच्या वर. हा निकाल वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की कायद्याला माणसाच्या हातातलं काम दिसतं.

पण कागदावरचे १६ लाख खिशात आले असं नसतं. भावाच्या कमाईला पुरावा काय, तर गिऱ्हाइकांनी मोबाइलवर पाठवलेले पैसे आणि एक मळकी वही. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागणार, त्यांची उलटतपासणी होणार. पंचनाम्यात मोटरसायकल रस्त्याच्या मध्याशी पडलेली होती, तेव्हा थोडा दोष भावावरही आला असता आणि तेवढी रक्कम कापली गेली असती. जिंकलो असतो तरी कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकत होती.

पुढच्या लोकअदालतीच्या आधी कंपनीने ९ लाखांची तयारी दाखवली. ओढाताण होऊन आकडा साडेदहावर आला. मला १२ च्या खाली उतरायचं नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर मी पुन्हा कागद काढला, तेव्हा भाऊ म्हणाला, “ताई, तू हिशेब बरोबर करतेस. पण तारीख आली की आदल्या रात्री मला झोप लागत नाही. तो पिकअप परत अंगावर येतो. साक्षीला उभं राहून ते सगळं पुन्हा सांगायचं नाही मला.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाय त्याचा होता. पहिल्या वेळी मी अडवलं ते माहिती अपुरी होती म्हणून. आता सगळी माहिती समोर होती आणि ती वाचून तो ठरवत होता. घरच्यांनी हा फरक ओळखला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. जखमी माणसाच्या वतीने लढताना आपल्यालाच आकड्याची ईर्षा चढते.

साडेदहा लाखांवर त्याने सही केली. कोर्ट फी परत मिळाली. रक्कम आल्यावर दागिने सुटले, उसनवारी फिटली आणि ३ लाख मुदत ठेवीत टाकले, ते फक्त गुडघ्यासाठी. उरलेल्यात त्याने घराच्या पुढच्या खोलीत मोटार रिवायंडिंगचं काम सुरू केलं. ते बसून करता येतं, आणि उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारी जळतातच. वायरिंगची कामं घेतो, पण शिडीवर हाताखालचा मुलगा चढतो. १२ मिळाले असते, असं मला अजून वाटतं. त्याला तसं वाटत नाही.