दोन खुणांमधले मौन

इंग्लंडात मोटार घरी जोडण्याचा छंद फोफावला तो करापायी. १९५७ साली लोटस सेव्हन आली, तेव्हा तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. सोबत जोडणीच्या सूचना दिल्यास मात्र ही सवलत जाई. म्हणून कंपनी गाडी सुटी करण्याच्या सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाचे, असे सांगतात. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला, सवलत गेली. छंद उरला. येथे राहणाऱ्या आम्हां साहित्याच्या शिक्षकांना त्याची ओढ लागली ती बहुधा या उलट्या वाचनामुळेच.

आमच्या गाडीचा डॅशबोर्ड आम्हीच करावयास घेतला. पडद्यावर वेगाचा आकडा उमटवणे सोपे. तो चाकाकडून आणणे कठीण. अशा गाड्यांसाठी खास विकले जाणारे सेन्सर खिशाला पेलेनात, म्हणून भंगारातला एबीएसचा जुना सेन्सर पाहिला. चुंबक, त्याभोवती तारेचे वेटोळे. समोरून दातेरी कडे फिरले की वीज उपजते. स्वस्त आणि दणकट खरा, पण चाक मंदावले की त्याचा आवाज खोल जातो आणि गाडी सरपटू लागली की तो मुका होतो. (विजेच्या दाबाला आम्ही आवाज म्हणतो आहोत, जाणकारांनी क्षमा करावी.) अखेर कारखान्यातल्या यंत्रांवर असतो तसा साधा प्रॉक्सिमिटी सेन्सर घेतला. धातू जवळ आला की तो खूण करतो, मग वेग कितीही कमी असो. चाकाबरोबर फिरणाऱ्या बोल्टांची डोकी त्याला पुरतात.

आमच्या चाकाचा घेर सुमारे १.७ मीटर, बोल्ट ४. ताशी ६० मैलांना सेकंदाला ६३ खुणा येतात, ताशी ५ मैलांना जेमतेम ५. तेव्हा संथ चालीत खुणा मोजून भागत नाही, दोन खुणांमधले मौन मोजावे लागते. वृत्त शिकवताना यतीविषयी आम्ही इतके बोललो, पण तिची किंमत अशी कधी जाणवली नव्हती.

स्वस्ताईची खरी परीक्षा पुढे आहे. ब्रिटनमधल्या वाहन-मंजुरीच्या चाचणीत वेगदर्शकाने खऱ्याहून कमी वेग दाखवून चालत नाही. जास्त मात्र चालतो, दहा टक्के आणि वर ताशी सव्वासहा मैल. सेन्सर बोल्टापासून किंचित दूर सरकला आणि एखादी खूण हुकली, तर आकडा नेमका कमी दाखवतो, आणि बसलेला माणूस निर्धास्तपणे वेग वाढवतो. म्हणून सेन्सरवर वाचवलेले पैसे आम्ही तो धरून ठेवणाऱ्या जाड पट्टीवर घातले. झिजलेल्या टायरचा घेर घटतो, त्याने आकडा फुगतो. ते कायद्याला मानवते. टायर नवे घातले की मात्र गाडीत कोणालातरी बसवून, जमिनीवर खडूने रेघ ओढून, चाकाचा एक फेरा पुन्हा मोजावा लागतो.