चिप्स, चकत्या आणि कोडी

नमनालाच खुलासा करतो. या लेखातल्या चिप्स बटाट्याच्या नव्हेत, आणि आम्हा इंजिनिअर लोकांच्या सिलिकॉनच्याही नव्हेत. कॅसिनोत पैशांऐवजी टेबलावर सरकवतात त्या गोल, रंगीत चिप्स. कतारमध्ये राहून हा माणूस हे काय भलतंच घेऊन बसला, असं तुम्हाला वाटेल. बरोबरच आहे. इथे जुगार हा २००४ च्या दंडसंहितेप्रमाणे गुन्हा आहे आणि दोह्यात कॅसिनो औषधालाही सापडायचा नाही. तरीही परवा मदिनत खलीफातल्या आमच्या घरात, हॉलच्या मधोमध सतरंजी टाकून, मी आणि आई तीन हजार चकत्या मोजत बसलो होतो. त्याची ही गोष्ट.

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार हा २०१२ पासून कतारचा राष्ट्रीय क्रीडा दिन. सगळ्यांना सुट्टी, हवा झकास. आमच्या आसपासच्या पंधरा-वीस मराठी घरांनी ठरवलं, की त्या दिवशी एका मित्राच्या अंगणात मुलांसाठी आनंदमेळा भरवायचा. भेळ, सरबत, रिंगफेक, लिंबू-चमचा. प्रत्येक मुलाला सारखीच ५० कुपनं द्यायची, ती देऊन खायचं नि खेळायचं. विकत काही नाही आणि जिंकायचंही काही नाही. मागच्या वर्षी कागदी कुपनं केली होती. ऐन रंगात शमाल सुटला (हा इथला वायव्येकडून येणारा वारा, धूळ घेऊनच येतो) आणि निम्मी कुपनं शेजारच्यांच्या गच्चीवर. म्हणून यंदा प्लास्टिकच्या चकत्या. साठ मुलं गुणिले पन्नास, म्हणजे ३,०००. त्या आणणं, मोजणं, सांभाळणं आणि नेणं हे काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर "तू पीएच.डी. आहेस, हिशोब चुकायचा नाही."

माझ्या पीएच.डी.चा चकत्यांशी काहीही संबंध नाही. पण ती करताना मी जे केलं त्याचा आहे. ते मी तोवर बायको सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका विद्यापीठात मी होतो. शिष्यवृत्ती तीन वर्षांची आणि प्रबंध काही तीन वर्षांत संपेना. चौथ्या वर्षी खिशात खडखडाट. व्हिसाच्या नियमानुसार आठवड्याला २० तास काम करता यायचं. मला मिळालं ते काम अजब होतं. तिकडे लग्नात, कंपन्यांच्या पार्ट्यांत, धर्मादाय कार्यक्रमांत 'फन कॅसिनो' नावाचा प्रकार भाड्याने मिळतो. रूलेटचं चाक, ब्लॅकजॅकची टेबलं, हिरवी मऊ कापडं आणि हजारो चिप्स व्हॅनमध्ये घालून न्यायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, पाहुण्यांना खोट्या नोटा वाटायच्या, आणि रात्री एक-दोन वाजता सगळं गोळा करून परत गोदामात. पैसा खोटा, हरणं खोटं, हौस तेवढी खरी. मी होतो हमाल. आईला फोनवर सांगायचो, "लॅबमध्ये जादा काम मिळालंय."

हमाली असली तरी त्यात शास्त्र होतं. चिप साधारण ३९ मिलिमीटर व्यासाची आणि ३.३ मिलिमीटर जाड असते. आमच्या चिप्स प्लास्टिकच्या, पण पोटात धातूची चकती घातलेल्या, प्रत्येकी साडेअकरा ग्रॅम. हातात घेतलं की काहीच वाटत नाही. पण मोठ्या कार्यक्रमाला ५,००० लागायच्या, म्हणजे साडेसत्तावन्न किलो. आणि जागा? नीट रचल्या तर पंचवीस लिटर, म्हणजे एखाद्या लहान सुटकेसएवढी. इथेच नवखा फसतो. मोठं खोकं दिसलं की तो त्यात सगळं भरतो, मग खोक्याचं बूड फाटतं किंवा उचलणाऱ्याची कंबर धरते. म्हणून आमच्याकडे हजाराची एक पेटी, साडेअकरा किलोची. एका माणसाने एका वेळी दोनच उचलायच्या, कारण तिकडे पुरुषाने कमरेच्या उंचीवर उचलायला पंचवीस किलो ही मार्गदर्शक मर्यादा मानतात. व्हॅनमध्ये पेट्या अगदी खाली, पुढच्या भिंतीला टेकवून, पट्ट्याने आवळून. नाहीतर ब्रेक दाबला की पेटी तोफेच्या गोळ्यासारखी पुढे येते. पेटीत शंभरांचे आडवे ट्रे, ट्रेमध्ये वीस-वीसच्या पाच रांगा. ट्रे अर्धा भरलेला असेल तर उरलेल्या जागेत फोमचा तुकडा. सुट्या चिप्स वाटेत एकमेकींवर घासून कडा झिजतात, आणि झिजलेल्या चिप्सची वीसची चळत बाकीच्या चळतींपेक्षा बुटकी दिसते.

या चळतीलाच सगळं महत्त्व. कॅसिनोत कुणी एक-दोन-तीन करत मोजत नाही. एक वीसची चळत बरोबर मोजून ठेवायची, बाकीच्या तिच्याशेजारी उभ्या करायच्या आणि वरून तर्जनी फिरवायची. एखादी चिप कमी-जास्त असेल तर बोटाला पायरी लागते. व्हॅन चालवणारे एक आयरिश आजोबा होते, त्यांनी मला हे शिकवलं. जन्मभर खऱ्या कॅसिनोत काम करून निवृत्त झालेले. त्यांचा नियम एकच. जाताना मोजायचं, येताना मोजायचं, दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची. मी एकदा विचारलं, "या चिप्सना काडीची किंमत नाही, मग एवढं कशाला?" ते म्हणाले, खऱ्या चिप्सनाही दाराबाहेर किंमत नसते.

तेव्हा मला हे कोडं वाटलं, पण आहे ते खरंच. २०१० च्या डिसेंबरात लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत मोटरसायकलवरून आलेल्या एका चोराने हेल्मेट घालून पंधरा लाख डॉलरच्या चिप्स पळवल्या. कॅसिनोने त्यातल्या पंचवीस हजार डॉलरवाल्या चिप्सची अख्खी मालिकाच बाद करायचं जाहीर केलं आणि चोर त्या विकायला गेला तिथेच सापडला. २०१४ च्या जानेवारीत अटलांटिक सिटीतल्या पोकरच्या एका स्पर्धेत एकाने खोट्या चिप्स घुसवल्या. पकडले जाऊ या भीतीने उरलेल्या हॉटेलच्या संडासात टाकून पाणी सोडलं. नळ तुंबला, खालच्या मजल्यावर गळती लागली आणि त्यावरूनच पत्ता लागला. आणि चोर नसतानाही हिशोब चुकतोच. २००६ च्या पोकरच्या जागतिक मालिकेत मुख्य स्पर्धेला ८,७७३ खेळाडू होते, प्रत्येकाला दहा हजारांच्या चिप्स. म्हणजे एकूण आठ कोटी सत्त्याहत्तर लाख तीस हजार. शेवटी टेबलावर भरल्या सुमारे वीस लाख जास्त! स्पर्धा पुढे सरकते तशा बारक्या रकमेच्या चिप्स काढून मोठ्या देतात, त्या बदलाबदलीत घोळ झाला. एवढे कॅमेरे, एवढी माणसं, तरी ही तऱ्हा. असो.

आता जे सांगायला मी इतका वेळ टाळतोय ते. एका शनिवारी रात्री दोन वाजता, पाऊस, पाय भरून आलेले. आजोबा त्या दिवशी नव्हते. माझ्याबरोबर एक नवा पोरगा होता, माझ्यासारखाच परदेशी, माझ्याहून लहान. त्याने मोजलं आणि कागद पुढे केला. मी न मोजताच सही ठोकली. सोमवारी गोदामात दोन चळती कमी भरल्या, चाळीस निळ्या चिप्स. किंमत म्हणाल तर पाच-सात पौंड. मालक मला म्हणाला, "तू मोजलं होतंस ना?" सही माझी होती. मी "हो" म्हणालो. म्हणजे मग सही झाल्यानंतर, व्हॅन रिकामी करताना गेल्या. आणि व्हॅन त्या पोराने रिकामी केली होती. त्याला पुन्हा बोलावलं नाही. तीन आठवड्यांनी रूलेटच्या टेबलाचं कापड बदलताना त्याच्या अस्तरात चाळीसच्या चाळीस सापडल्या. मालक हसला, "चला, मिळाल्या." मीही हसलो. त्या पोराचा नंबर माझ्याकडे नव्हता. होता का, हे मी फारसं शोधलंही नाही.

तर आता मदिनत खलीफा. इथल्या जुन्या व्हिलाच्या एका भागात आम्ही राहतो. आई तीन महिन्यांसाठी आली आहे. चकत्या दोन गोणपाटी पिशव्यांतून आल्या, तीन रंगांच्या, सरमिसळ. धातू नसल्यामुळे एक साधारण चार ग्रॅमची, म्हणजे सगळ्या मिळून फक्त बारा किलो. मी आधी इंजिनिअरगिरी केली. स्वयंपाकघरातला काटा काढला, एक चकती चार ग्रॅम धरून वजनावर मोजायला लागलो. तर निळ्या निघाल्या ४.१ ग्रॅमच्या, वेगळ्या घाण्यातल्या असणार. त्या हिशोबाने हजार निळ्या चकत्या काट्यावर १,०२५ दिसणार. आई बाजूला मेथी निवडत होती. म्हणाली, "सरळ हातानं मोज की रे."

मी बसलो. आणि दहा वर्षं झोपलेला हात आपोआप जागा झाला. पाच उचल, त्याशेजारी पाच, बोट फिरव, एकावर एक, वीस. पुढची चळत. पुढची. मला वाटतं तीन-चारशे झाल्या असतील. मेथीचा आवाज थांबलेला लक्षात आला.

"हे कुठं शिकलास?"

आमच्या घरात पत्ते नव्हते. दिवाळीतही नाही, मेंढीकोटही नाही. आमचं गाव इचलकरंजी, यंत्रमागांचं. माझे काका आकडा लावायचे. मटक्याची जन्मकथा तुम्हाला माहीत असेलच. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडताना-बंद होतानाचे भाव मुंबईला तारेने यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव थांबले आणि मग मटक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. १९६२ मध्ये कल्याणजी भगत, १९६४ मध्ये रतन खत्री. कापसाच्या भावावरून सुरू झालेला खेळ कापड विणणाऱ्या गावातल्या आमच्या घरात शिरला. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकले. चार माग गेले, मग घर गेलं. वडिलांनी भाड्याची खोली घेतली आणि आई दुसऱ्यांच्या मागावर कांड्या भरायला जाऊ लागली. तिच्यासमोर मी कॅसिनोचं नाव कसं काढणार होतो?

काढलं. सगळं सांगितलं. लॅबचं खोटं, व्हॅन, आजोबा, आणि तो पोरगाही. ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आई बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारलं, "तिथं कुणाचं घर गेलं का रे त्या खेळात?"

"नाही. पैसे खोटेच असायचे."

"त्या पोराची तर नोकरी गेली."

मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "तुझ्या काकानं आकडा लावला म्हणून घर गेलं असं सगळे म्हणतात. आकड्यानं माग गेले. घर गेलं ते त्यानं सावकाराच्या कागदावर न वाचता सही केली म्हणून. रात्रीची वेळ, दमलेला, म्हणाला उद्या बघू." एवढं बोलून तिने मेथी उचलली, आत ठेवून आली आणि सतरंजीवर माझ्यासमोर बसली.

"वीस-वीसच का लावतोस?"

मी ट्रेचं, बोटाच्या पायरीचं सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे कोडी. मग तसं सांग की. आमच्याकडं लुगडी कोडीनंच मोजायचे." आणि मोजू लागली. तिची रीत वेगळी. चार-चारचा गंडा उचलते, पाच गंडे झाले की कोडी. माझ्याहून हळू, पण एकदाही चूक नाही. दीडशे कोड्या झाल्या. मग तिने माझ्या मोजल्या, मी तिच्या. माझ्या एका चळतीत एकोणीस निघाल्या.

तिला गंमत म्हणून सांगितलं, की महाराष्ट्रातही कॅसिनोचा कायदा होता. १९७६ साली केलेला, पण तो कधी अंमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. गोव्यानेही जुगाराचा कायदा १९७६ मध्येच केला, पुढे त्यात सवलती दिल्या, आणि मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी राहिली. आई म्हणाली, "कायद्याचं ठीक आहे. आपली माणसं गोव्याला जातातच की."

मेळा छान झाला. वारा होता, चकत्या जागच्या हलल्या नाहीत. संध्याकाळी दोन डब्यांतून परत आणल्या आणि पुन्हा मोजायला बसलो. २,९८६. चौदा कमी. कुणीतरी म्हणालं, अमक्याचा मुलगा खिसे भरून घेत होता, त्याला विचारा. मी म्हटलं, कुणालाही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या वाळूत अकरा सापडल्या. उरलेल्या तीन अजून मिळालेल्या नाहीत.

वहीत २,९९७ लिहिलं. खाली दोन सह्या आहेत, एक माझी आणि एक आईची.