खारेपाटात विम्याची शाळा

मी बार्शीची. कृषी पदविकेनंतर पीक विमा कंपनीत तालुका प्रतिनिधी म्हणून लागले आणि पेण व रोहा हे दोन तालुके माझ्याकडे आले. साल २०२५, खरीप हंगाम. गावोगावी पाठशाळा घेऊन शेतकऱ्यांना प्रधानमंत्री पीक विमा योजना समजावून सांगायची, असं कामाचं स्वरूप होतं. २०१६ पासून चालू असलेली ही योजना म्हणजे सरकार आणि विमा कंपन्या यांची भागीदारी. हप्त्याचा थोडा वाटा शेतकरी भरतो, उरलेला केंद्र आणि राज्य मिळून भरतात आणि विमा कंपनी जोखीम घेते. कंपनीने हप्त्याच्या अर्धा टक्का रक्कम प्रचार-प्रशिक्षणावर खर्च करायची, असा नियमही आहे. पाठशाळा त्यातूनच होतात.

पीक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सोयाबीन आणि तूर यायची, आणि जोखीम म्हटली की पावसाचा खंड. आमच्याकडे जूनमध्ये पेरून जुलैभर आभाळाकडे बघत बसतात. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे आमच्या पाचपट. एका महसूल मंडळात दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. पेणमध्ये जुलैत असे दिवस लागोपाठ येतात आणि बायका त्याच पावसात इरलं किंवा प्लास्टिक पांघरून आवण लावत असतात. अतिवृष्टीचा तक्ता घेऊन आलेल्या मला पहिले काही आठवडे नेमकं काय शिकवायचं हेच उमगेना.

पहिली पाठशाळा पेणच्या वाशी-वढावकडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, देवळाच्या सभामंडपात झाली. मी महावेधपासून सुरुवात केली. राज्य सरकार आणि स्कायमेट कंपनी यांनी मिळून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली आहेत, राज्यात दोन हजारांहून अधिक. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद होते, आंबा-काजूच्या हवामान आधारित विम्यात भरपाई अशाच नोंदींवर ठरते. एक वयस्कर काका शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, ता यंत्र भरती मोजतं का? पाऊस आमचा वैरी नाय. उधाण आमचा वैरी."

ते यंत्र भरती मोजत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला बांधावर नेलं. धरमतर खाडीच्या बाजूला मातीचा लांबच लांब बांध, अलीकडे भाताचे मळे, पलीकडे चिखल आणि कांदळ. बांधात ठिकठिकाणी उघाड्या आहेत. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्यांतून खाडीत जातं आणि भरतीला झडप आपोआप मिटते. झडप नादुरुस्त झाली किंवा खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांध खचला की उधाणाचं पाणी आत शिरतं. त्याला इथे 'खांड गेली' म्हणतात. एका ताज्या खांडीजवळ काकांनी मळ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि मलाही तसंच करायला सांगितलं. पाणी कडवट खारट होतं. लावणीला आठवडाच झाला होता, आवणाची टोकं पिवळी पडून आत वळली होती. बाजूच्या मळ्यात आधीच्या एका खांडीनंतर पीकच घेतलेलं नव्हतं. जमिनीवर पांढरा थर होता आणि कडेने कांदळाची रोपं वर येत होती. एकदा खारं पाणी आलं की त्या वर्षाचं भात जातंच, पण पुढचे पावसाळे मीठ धुवून काढण्यात जातात. जिथे पीकच उभं नाही तिथे विमा कशाचा काढणार?

त्या रात्री मी योजनेचे नियम पुन्हा काढून बसले आणि या बांधाकडे बघत वाचले. भाताची भरपाई ठरते मंडळाच्या सरासरीवर. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. यंदाचं उत्पादन पीक कापणी प्रयोगातून काढतात. प्रयोगाचे प्लॉट यादृच्छिक आकड्यांनी निवडलेले असतात, कोणी आपल्या मर्जीने शेत दाखवू शकत नाही. उंबरठ्यापेक्षा उत्पादन जितकं कमी, त्या प्रमाणात विमा रक्कम मिळते.

पुढच्या सभेत मी फळ्यावर सोपे आकडे घेतले. समजा सरासरी हेक्टरी ३० क्विंटल, म्हणजे उंबरठा २१. यंदा मंडळाचं उत्पादन १४ आलं, तर तूट सातची, म्हणजे एक तृतीयांश. विमा रक्कम हेक्टरी ६० हजार धरली, तर दहा गुंठेवाल्याला सहा हजारांचा तिसरा हिस्सा, दोन हजार रुपये. एका मावशींनी लगेच विचारलं, "आणि माझ्या एकटीच्या मळ्यात काहीच नाही आलं, बाकी सगळ्यांचं पिकलं, तर?" मंडळाची सरासरी २२ आली तर मावशींना एक रुपयाही मिळणार नाही. मी तसंच सांगितलं. सभामंडपात गडबड उडाली, दोघं-तिघं उठून गेले. पण मला वाटतं, त्या सभेत उरलेल्यांनी पहिल्यांदा माझं बोलणं खरं मानलं.

खारेपाटाची अडचण नेमकी इथे आहे. खांड एका गावाला जाते आणि त्याच मंडळातली वरकस, डोंगराकडची गावं चांगली पिकतात. सरासरीत ते गाव दिसतच नाही. पूर्वी अशा वेळी 'स्थानिक आपत्ती'त वैयक्तिक पंचनाम्याचा मार्ग होता, ७२ तासांत कळवलं की झालं. पण भातशेतीत पाणी साचणं हे कारण २०१८ मध्येच त्यातून वगळलं गेलं, आणि २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयाचा विमा बंद करून दोन टक्क्यांपर्यंतचा शेतकरी हिस्सा परत आणला, तेव्हा बाकीची वैयक्तिक नुकसानीची कलमंही काढून फक्त पीक कापणीवर आधारित भरपाई ठेवली. लोक मला विचारत, "रुपया होता तेव्हा जास्त मिळायचं, आता जास्त भरून कमी कसं?" या प्रश्नाला गोड उत्तर नाही आणि ते देऊही नये, असं माझं मत आहे. कंपनीला किती सुटतं, हेही लोक थेट विचारतात. महाराष्ट्रात बीड पॅटर्न लागू आहे, हे सांगितलं की थोडी शंका फिटते. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य उचलतं आणि ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीला ठराविक वाटा ठेवून उरलेले पैसे राज्याला परत करावे लागतात.

रोह्याकडे चित्र निराळं. कुंडलिकेच्या कालव्यांवर उन्हाळी भात आणि भाजीपाला होतो, खारेपाटासारखा एकाच पिकावर जीव टांगलेला नसतो. तिथे ऑक्टोबरचा शेवट भारी पडला. कापून पसरलेल्या भातावर पाऊस आला आणि लोंब्यांना कोंब फुटले. लोक फोन करून विचारत होते, विमा मिळेल का? काढणीनंतरच्या नुकसानीचं कलम त्या हंगामात नव्हतं. मी त्यांना तलाठी आणि कृषी सहायकांकडे पाठवलं. ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर पंचनाम्यानंतर आपत्ती निधीतून मदत मिळते, विमा काढलेला असो वा नसो. विमा वेगळा आणि सरकारी मदत वेगळी, एवढी एक गोष्ट शेतकऱ्याला पक्की कळली तरी त्याच्या कितीतरी फेऱ्या वाचतात.

कागदपत्रांचं दुखणं मात्र दोन्ही तालुक्यांत सारखंच. सातबारा सामाईक, त्यावरची निम्मी नावं मुंबईत, कसणारा एकटा गावात. ई-पीक पाहणीच्या ॲपवर भात नोंदवलेलं नाही किंवा पडीक दाखवलंय आणि विमा अर्जात भात आहे, मग दावा अडतो. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने उभं राहिलेलं हे ॲप शेतकऱ्याने स्वतः वापरावं, अशी अपेक्षा आहे. मी पाहिलं, घरातली दहावी-बारावीची मुलगी बांधावर जाऊन ते बिनचूक भरते. म्हणून आता पाठशाळेला मी मुलींना आवर्जून बोलावते.

जोखीम सांभाळायची तर विम्याच्या आधी बरंच काही असतं, हे मी रोह्याच्या किल्ला गावातल्या कृषी विज्ञान केंद्रात शिकले. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती खारटपणा सोसतात. खाऱ्या जमिनीत रोपवाटिका करण्याऐवजी मोड आणलेलं बी चिखलात फेकून रहू करतात, ही जुन्या लोकांची पद्धत. आता माझ्या पाठशाळेचा पहिला अर्धा तास बियाण्यावर, उघाड्यांवर आणि बांधावर जातो, विमा त्यानंतर येतो. वरिष्ठांनी विचारलं, हे आपलं काम आहे का? आहे. ज्या बांधामुळे पीक वाचतं त्याबद्दल न बोलता पीक विमा शिकवणं मला अर्धवट वाटतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून भातशेतीत पाणी साचून होणारं नुकसान पुन्हा स्थानिक आपत्तीत धरलं जाईल आणि वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीलाही संरक्षण मिळेल. ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवावं लागेल. पेणच्या खारेपाटाला पहिली तरतूद हवीच होती, रोह्यात डुकरांमागे रात्री जागणाऱ्यांना दुसरी. राज्याच्या अधिसूचनेत ही कलमं कशी येतात, त्यावर सगळं अवलंबून आहे. खाडीचं खारं पाणी शिरलं तर ते 'पाणी साचणं' धरायचं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असावं, अशी माझी मागणी आहे. नाहीतर हा वाद दर उधाणाला होईल.

आणि एक मागणी आमच्याच लोकांकडे. या भागीदारीत सरकारचं कृषी खातं आहे, विमा कंपनी आहे, हवामान केंद्र चालवणारी कंपनी आहे. बांध सांभाळणारं खारभूमी खातं मात्र कुठल्याच पाठशाळेत मला दिसलं नाही. त्याचं विभागीय कार्यालय पेणमध्येच आहे. ३१ जुलैच्या मुदतीआधी होणाऱ्या पुढच्या प्रत्येक पाठशाळेला त्या खात्याच्या अभियंत्याला बोलवा, आणि गावकऱ्यांनो, कुठल्या उघाडीची झडप मोडली आहे त्याची यादी हातात घेऊन या.