तास संपल्यावर

पुण्यात तालमींसाठी तासावर हॉल देणारे आम्ही लोक भेटलो की बोलणं हटकून कुलपावर येतं. कुणी कोडचं कुलूप बसवलेलं असतं, कुणाची किल्ली अजून खालच्या इस्त्रीवाल्याकडे असते. माझ्या मते या धंद्यात कुलपाचं नको तेवढं कौतुक झालंय. कुलूप येणाऱ्याला अडवतं, आत बसलेल्याला उठवत नाही. आणि वाद होतात ते बहुतेक उठण्यावरूनच.

वेळेला बांधलेला कोड सहा ते आठ चालतो, आठनंतर चालत नाही. डुप्लिकेट किल्लीची धास्ती गेली, हा फायदा खराच. पण सव्वाआठला दिग्दर्शक शेवटचा प्रवेश ‘फक्त एकदा’ परत घेत असेल, तर कुलपाला त्याचा पत्ता नसतो. आतून दार कोडशिवाय उघडतं, उघडायलाच हवं. आग लागली तर आकडे आठवत कोण बसणार? तेवढ्यात पुढची मंडळी आपला कोड दाबून आत येतात आणि एका हॉलवर दोघांचा हक्क होऊन बसतो. कथकची बॅच असेल तर बघायलाच नको. घुंगरांच्या दोऱ्या सोडायच्या, ते पिशवीत भरायचे, घाम पुसायचा, बाटल्या गोळा करायच्या. तोवर दाराबाहेर दोन्ही बॅचच्या चपलांचा एकच ढीग झालेला असतो आणि कुणाची तरी डावी चप्पल सापडत नसते.

कायद्यानेही हे गृहीत धरलंय. तासावर दिलेली जागा म्हणजे भाडेपट्टा नव्हे, वापराची परवानगी. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातल्या कलम ६२प्रमाणे मुदत संपली की अशी परवानगी रद्द झाल्याचं मानलं जातं. पण लगेच पुढचं कलम ६३ निघून जायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ देतं. वेळ संपणं वेगळं, जागा रिकामी होणं वेगळं. म्हणून दोन बुकिंगांमध्ये पंधरा मिनिटं कुणालाच विकू नयेत, आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये ‘शेवटची दहा मिनिटं आवराआवरीची’ असं स्पष्ट लिहावं.

यावर हिशोबी माणूस म्हणेल, दिवसाला सहा बुकिंगं धरली तर मधल्या पाच फटींत सव्वा तास बुडाला. बुडतो. पण दुपारचा एक ग्रुप अर्धा तास लांबला की संध्याकाळचे सगळे ढकलले जातात, शेवटच्याचे पैसे परत करावे लागतात, कारण दहानंतर सोसायटी ढोलकी ऐकून घेत नाही. त्यापेक्षा सव्वा तास स्वस्त.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे: जुन्या, ओळखीच्या ग्रुपला दर वेळी नवा कोड देणं म्हणजे अविश्वास. कोड एका माणसाला दिला असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि तिथे मागच्या वर्षी नाटक सोडून गेलेलेही असतात. नव्या कोडमध्ये राग मानण्यासारखं काही नाही.

बुकिंग एकाचं, येणारे बारा, हाही पेच कुलपाने सुटत नाही. गेटवर वॉचमन ‘कुणाकडे?’ विचारतो आणि नवखी पोरं एकमेकांकडे बघतात. त्याच्याकडे ग्रुपचं नाव, साधारण किती जण, म्होरक्याचा नंबर आणि निघायची वेळ एवढी चिठ्ठी असली की पुरे. सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स घ्यायची काही ठिकाणी पद्धत आहे. मला ती पटत नाही. दुसऱ्याची कागदपत्रं खणात साठवण्याची जबाबदारी उगाच आपल्यावर येते, आणि त्या गठ्ठ्यामुळे कुणी आठला उठत नाही.

आठवण करून द्यायला फोनचा उपयोग नाही, तालमीत तो सायलेंटवर असतो. त्यापेक्षा नटांच्या समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ लावावं आणि एसीला टायमर बसवावा. आठला दहा कमी असताना तो बंद पडतो, आणि मे महिन्यात तर कुणाला काही सांगावंच लागत नाही.